बदकाची अंडी

वाडी, खांबच्या वर
संक्रांतीनंतरचा गुरुवार

नंदे,

तुझं पत्र पोस्टमननं नाक्यावरच्या दुकानात टाकलं, दुकानदारानं बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलं नि आठवड्यानं मला दिलं. फोन कर म्हणतेस. फोन शेजारच्या साईराजकडं, रेंज टेकडीवर. टेकडीवर उभी राहून मी ओरडणार नि अख्ख्या वाडीला कळणार, माझ्या नातीला कितवा महिना चाललाय. शिवाय माझा एक कान गेलाय नि दुसरा त्याला हवं तेवढंच ऐकतो. तू पत्रच लिही. साक्षरतेच्या वर्गात बाईनं दोन उन्हाळे माझं डोकं खाल्लं, ते फुकट जायला नको.

इकडची खबर म्हणशील तर वाडी अर्धी रिकामी. लोक कासूकडच्या वीटभट्टीवर गेले, मागं म्हाताऱ्या नि कुत्री राहिली. खाली खांबात वालाच्या शेंगा भरल्यात, रोज संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या शेतात शेंगा भाजायला पोपटीचं मडकं लागतं. हैबतरावाच्या वालात आम्ही म्हाताऱ्या शेंगा तोडतो नि त्याची बायको कृष्णाबाई बांधावर उभी राहून आमच्या ओट्या बघते. जशी काय वालाच्या शेंगांवर मी माडी बांधणार.

भट्टीचा मुकादम तुम्हा दोघांना विचारत दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, माझा नातजावई औंदा समुद्रावर हाय, कासवांच्या अंड्यांची राखण करतो, गळ्यात कार्ड हाय त्याच्या. मुकादम म्हणाला, "कातकरी नि अंड्यांची राखण. मांजराला दुधावर बसवलं म्हण की." मी म्हटलं, "तू भट्टीवर काय राखलंस ते मला ठावं हाय. माझी पणती तुझ्याच राखणीत मेली." मग हसला नाय.

म्हणून सांगते, हे काम सोडू नका. पहाटे किनारा फिरायचा, अंडी काढून जाळीच्या कुंपणात पुरायची, पिल्लं निघाली की पाण्यात सोडायची. यात न जमण्यासारखं काय हाय? मे महिन्यापर्यंत नीट केलंत तर ती कासव समितीची रोहिणी मॅडम बारा महिने ठेवील, खोली देईल म्हणतेस. पोर त्या खोलीत होऊ दे. भट्टीच्या झोपडीत पुन्हा नको. एवढं एकच मागणं हाय माझं, नि ते मी देवाकडं मागत नाय, तुझ्याकडं मागते.

आता तुझ्या बुधानं विचारलंय त्याचं. ट्रॉलरच्या जाळ्यात मेलेली कासवीण वाहून येते, पोटात अंडी तशीच, नि नियम म्हणून आईसकट पुरावी लागतात, ते त्याला सोसत नाय. शिकाऱ्याचा नातू तो, नाय सोसणार. माझी सासू सांगायची, मेल्या घोरपडीच्या पोटातून अंडी काढून तिनं ओल्या वाळूत पुरली नि त्यातून पिल्लं निघाली. कवच धरलेली हवीत, नि आई ताठायच्या आधी काढायला हवीत. मी पाहिलेलं नाय. सासू माझी खोटारडी होती, भाकरी किती खाल्ल्या तेही खरं सांगायची नाय. पण जनावराच्या बाबतीत खोटं बोललेली मला आठवत नाय. बुधाला सांग, करून बघ. बिघडून बिघडून काय बिघडणार, ती मेलेलीच.

पालेभाजी खा. समुद्राकडं बघत बसू नको, त्यानं पोट भरत नाय.

भागी


नांदवेळ
९ फेब्रुवारी

आजे,

कागदाच्या डोक्यावर कासव छापलंय ते बघ. समितीचा कागद आहे, रोहिणी मॅडमनी मला गठ्ठाच दिला. म्हणाल्या, तुझ्या आजीला लिही, तिला सांग तिचा जावई आमचा सगळ्यात चांगला माणूस आहे.

आता ऐक. काल पहाटे आम्ही दोघं किनाऱ्यावर होतो. खाडीच्या तोंडाकडं एक मादी पडली होती. मानेला जाळ्याचा काच, पण अंग अजून मऊ. माशासुद्धा बसल्या नव्हत्या. नियम असा की मॅडमना कळवायचं, माप घ्यायचं नि खड्डा करून पुरायचं. बुधानं फोन लावला. मॅडम पेणला मिटिंगला गेल्यात, फोन बंद. तो तिच्याजवळ उकिडवा बसला, पोटावरून हात फिरवला नि मला म्हणाला, "आजीची सासू काय म्हणाली होती? ताठायच्या आधी ना?"

त्यानं कोयत्यानं पोट उघडलं. आजे, मी तोंड फिरवणार होते, पण नाही फिरवलं. आत पिवळी कच्ची होती, ती सोडली. पांढरी, कवच धरलेली तेवढी काढली, समुद्राच्या पाण्यात धुतली नि बादलीत ओल्या वाळूवर मांडली. अर्धी जाळीत पुरली. जाळीत जागा संपली म्हणून उरलेली वर सुरूच्या झाडांखाली, वाळू तशीच आहे तिथं. मग तिला खड्डा करून पुरली, नीट, वर दगड ठेवला.

तोवर रितेशच्या घरी उतरलेले मुंबईचे पाहुणे आले होते. रितेश इथं खोल्या भाड्यानं देतो, सकाळी पाहुण्यांना कासवं दाखवायला आणतो. त्यानं मोबाइल काढला. बुधानं हातानंच त्यांना बोलावलं, या, बघा म्हणून. हसत होता आजे. हात कोपरापर्यंत रक्ताचे नि हसत होता. इतका आनंद झालेला मी त्याला आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मॅडम सोमवारी येतील तेव्हा सांगणार आहोत. बुधा म्हणतो, ही फुटली तर मॅडम आपल्याला खोलीच काय, घर देतील.

बाळ फिरतं आता. डाव्या बाजूला जास्त.

तुझी,
नंदा


वाडी
शिवरात्रीच्या आधीचा मंगळवार

नंदे,

तुझं पत्र नि बुधाचा व्हिडिओ एकाच दिवशी आले. व्हिडिओ सकाळी आला, पत्र दुपारी.

साईराजनं टेकडीवरून पळत येऊन दाखवला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, रक्षकच भक्षक. तेवढं मला वाचता आलं. खाली माझा नातजावई, हातात कोयता, पायाशी फाडलेली कासवीण, नि तो हसतोय, माणसांना जवळ बोलावतोय. तिच्या मानेचा काच कुठं दिसत नाय. बादली दिसत नाय. तू दिसत नायस.

रोह्याच्या बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "मावशे, तुमच्यातलाच ना गो तो?" मी म्हटलं, "आमच्यातला नाय, माझाच." वांगी न घेता आले.

चूक कापण्यात नाय झाली. हसण्यात झाली. आपल्या माणसानं रक्ताच्या हातानं लोकांसमोर हसू नये. आनंद झाला तर घरी यावं, दार लावावं नि हसावं. हे मी त्याला कधी सांगितलं नाय, कारण वाडीवर त्याला हसताना कोण बघायला येणार होतं.

तो कुठं हाय ते लिही. मारलं का तेही लिही, लपवू नको.

सुरूखालच्या अंड्यांचं कोणाशी बोललीस का? बोलली नसशील तर बोलू नको. ती जर फुटली तर मेलीच्या पोटातून जिवंत निघालं हे कोणालाही दाखवता येईल. तिथं राहिली तर कुत्री काढतील नायतर माणसं. इकडं घेऊन ये. पत्रात नाव लिहू नको, बदकाची अंडी म्हण. वाडीत बदक कोणाकडंच नाय, पण पोस्टातल्यांना काय ठावं.

भागी


२२ फेब्रुवारी

आजे,

बुधा अलिबागला आहे, तुरुंगात. मारलं नाही, ढकललं फक्त.

फॉरेस्टचे लोक मॅडमच्याही आधी आले. बुधा त्यांना बघून पुढं गेला. त्याला वाटलं, बघायला आलेत. म्हणाला, "सायेब, चला, मी दाखवतो, वाचवलीत मी." स्वतःच जाळीत घेऊन गेला, स्वतःच जागा दाखवली. त्यांनी फावड्यानं खणलं. बुधा म्हणायला लागला, "हलवू नका, सायेब, बाजू बदलली की आतलं मरतं, मॅडमनीच शिकवलंय." त्यांनी प्लास्टिकच्या डब्यात भरली, कशी पण, एकावर एक, नि लाखेचं सील मारलं. मुद्देमाल म्हणाले. डब्यावर सील बसलं तेव्हा तो खाली वाळूत बसला. त्याला अटक झाली म्हणून बसला असं सगळ्यांना वाटलं.

सुरूखालचं तो काही बोलला नाही. गाडीत चढताना माझ्याकडं बघून मान हलवली फक्त.

रोहिणी मॅडम आल्या, रडल्या. म्हणाल्या, "नंदा, मला वाटतं तो खरं बोलतोय. पण नियम पुरायचा होता, आणि कासव महोत्सव तोंडावर आहे, समितीनं तक्रारीवर सही करायला सांगितली." सही केली त्यांनी. अलिबागला एक वकीलबाई आहे, ती फुकट केस बघते, तिचा नंबर मात्र त्यांनीच दिला.

मी मंगळवारच्या एसटीनं येते. बदकाची अंडी घेऊन. वाळूसकट, जशी आहेत तशी, मांडीवर ठेवून.

नंदा


वाडी
होळीच्या आधीचा शनिवार

नंदे,

तू येऊन गेलीस त्याला दिवस झाले नि परत गेल्यावर एक ओळ पाठवायला तुला आज वेळ मिळाला. ती पण खानावळीच्या बिलाच्या पाठीवर. कासवाचा कागद नाय, म्हणजे खोली गेली. अलिबागच्या खानावळीत भांडी घासतेस नि तिथंच निजतेस, हे तू लिहिलं नायस, बिलानं लिहिलं. वर हळदीचा अंगठा हाय तुझा. सातव्या महिन्यात ओल्या फरशीवर बसू नको, पाट घे.

बदकाची अंडी बरी हायेत. पोपटीच्या मडक्यात वाळूत ठेवलीत, चुलीच्या मागं, ऊब लागेल एवढी नि भाजणार नाय एवढी. हात लावत नाय. सध्या घराघरात मडकी पडलेली, एकाकडं कोण बघतो. साईराज परवा म्हणाला, "आज्ये, मडकं दे, पोरांना पोपटी लावायची." मी म्हटलं, त्यात विंचू व्यालाय. गेला.

फॉरेस्टचे दोघं येऊन गेले. बुधाचं घर कुठं, आणखी काय काय मारलंय, कातडी हाय का, शिंगं हायेत का. माझी फडताळं उघडली. फडताळात माझं लुगडं नि मिठाचा डबा. एक पोरगेला गार्ड चुलीपाशी वाकला, मडक्याला हात लावणार, तर मी म्हटलं, "बाळा, म्हातारीची थुंकी हाय त्यात." हात मागं घेतला. शाळेत स्वच्छता शिकवतात ते चांगलं.

जामीन मंजूर झाला तर जामीनदार लागेल म्हणतेस, सातबारावाला. वाडीत सातबारा कोणाच्या नावावर? माझ्या नावावर रेशनकार्ड हाय नि त्यावर मेलेली माणसं अजून जिवंत हायेत. हैबतरावाला विचारते. त्याच्या बापाचं रान तुझ्या आजोबानं राखलेलं, डुकराच्या दातानं मांडी फाटेपर्यंत. बघू त्याला आठवतं का.

बुधाला भेटलीस तर सांग, बदकं ठीक.

भागी


अलिबाग
२४ मार्च

आजे,

जामीन मंजूर झाला. पण जामीनदार मिळेपर्यंत आत. अटी पण आहेत. नांदवेळला पाय ठेवायचा नाही, दर सोमवारी रोह्याला हजेरी. वकीलबाई म्हणाली, केस उभी राहायलाच दोन-तीन वर्षं जातील.

बुधा बारीक झालाय. जाळीच्या पलीकडून पहिला प्रश्न तोच करतो, बदकं कशी आहेत. माझं नाही विचारत, बाळाचं नाही विचारत. मला राग येत नाही. त्याच्या बराकीत त्याला सगळे कासव म्हणून हाक मारतात. म्हणाला, "नंदे, मी तिला मारली नाही हे तुला माहीत आहे, आजीला माहीत आहे. पण एक तरी फुटलं ना, तर मला पण माहीत होईल." मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणाला, इथं सगळे रोज सांगतात तू मारलीस, ऐकून ऐकून कधीकधी वाटतं मारलीच असेन, ती हलली असेल कोयता लावताना.

मी वकीलबाईला आडून विचारलं, समजा पोटातल्या अंड्यांतून पिल्लू निघालं, तर? ती म्हणाली, "तुझ्याकडे काही असेल तर मला सांगू नकोस. ते ठेवणं हाच गुन्हा आहे, वेगळा. तुझ्यावर, आणि जिच्या घरात आहे तिच्यावर."

पण आजे, मी ठरवलंय. एक जरी निघालं, तरी मी ते ओंजळीत घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणार. मला आत टाकलं तर टाकू दे. पोटुशीला किती दिवस ठेवतील? तोपर्यंत न्यायाधीशांनी बघितलेलं असेल. दिवस भरत आले ना अंड्यांचे? तू रोज बघतेस ना?

नंदा


वाडी
पाडव्यानंतरचा मंगळवार

नंदे,

बदकाची अंडी नासली. सगळी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बघितली तर हाताला लागतील तशी फुटत होती. वास असा की शेजारीण पदर लावून बाहेर पळाली. राखेत पुरली, मडकं फोडलं. एसटीत हलली असतील, नायतर माझी चूल जास्त झाली असेल. नायतर सासू खोटारडी होती ती सगळीकडंच खोटारडी होती. विषय संपला. कोर्टाच्या पायऱ्या चढायला आता तुझ्या ओंजळीत काय नाय.

दुसरी गोष्ट चांगली हाय, पण तुला गोड लागणार नाय.

सोमवारी हैबतराव आला. उंबऱ्याबाहेर बाजेवर बसला. पाणी मागितलं नाय, मीही विचारलं नाय. म्हणाला, "भागे, तुझ्या नवऱ्यानं आमचं रान राखलं, म्हणून आलो. सातबारा लावायला तयार हाय मी. पण मला खरं सांग. त्यानं मारलं ना ते कासव?"

मी म्हटलं, "मेलेलं होतं."

"हेच. मी व्हिडिओ बघितलाय गो. मेलेल्याजवळ कोण हसतं? भूक लागली, मारलं, असं म्हणालीस तर मला समजतं. गरिबाचं पोट मला समजतं. पण खोटारड्याच्या मागं मी माझ्या वडिलांची जमीन उभी करणार नाय. चुकला म्हण, गुरुवारी अलिबागला जाऊन सही करतो."

मी तंबाखू घ्यायला आत गेले. बाहेर आले नि म्हटलं, "व्हय, हैबतराव. मारलं. नंदाला दिवस गेलेत, तिला मांस खाऊ वाटत होतं."

त्याचा चेहरा असा मोकळा झाला, जसा काय मीच त्याला जामीन राहिले. म्हणाला, "मला माहीतच होतं." जाताना वळून म्हणाला, कृष्णाबाईकडून थोडे वाल घेऊन जा, पोरीला खायला घाल. गेले मी, आणले.

कोर्टात हे कोणी विचारणार नाय, वकीलबाईला विचारून घेतलं मी साईराजच्या फोनवरून, टेकडीवर चढून. घरच्या अंगणातलं बोलणं ते. पण गावात फिरणार हे नक्की. हैबतरावाच्या पोटात लाडू राहतो, गोष्ट राहत नाय.

बुधा सुटेल. तुझ्या बाळंतपणाआधी सुटेल. मी एवढंच मोजलं.

भागी


अलिबाग
६ एप्रिल

आजे,

तुझं पत्र मिळालं.

हैबतरावांनी सही केली. तलाठ्याचा दाखला नि कोर्टातली पडताळणी राहिलीय, पुढच्या सोमवारी सोडतील म्हणतात.

सही करून बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "पोरी, होतं असं. खाऊ वाटतं या दिवसांत." वकीलबाई शेजारी उभी होती. रोहिणी मॅडम पण आल्या होत्या, स्वतःहून, मला बघायला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नि मग खाली बघितलं. एवढे दिवस त्या एकट्याच होत्या ज्यांना वाटत होतं की बुधा खरं बोलतोय.

मी त्याला अजून काही सांगितलं नाही. अंडी नासली हेसुद्धा नाही. तू सांग. तूच विकलंस त्याला, माझ्या जिभेचं नाव सांगून.

मी वाडीवर येणार नाही. भट्टीवर पण जाणार नाही. कुठं जाणार ते मला माहीत नाही.

नंदा


वाडी, खांबच्या वर
रामनवमी होऊन गेल्यावरचा गुरुवार

बुधा,

हे पत्र तुझ्याआधी सायेब वाचतील. वाचू देत. सायेब, अक्षर वाईट हाय, चष्मा लावा. म्हातारी आपल्या जावयाला घरची खबर देते, दुसरं यात काय नाय.

तू चौथीपर्यंत शिकलास, तेव्हा सावकाश वाच.

सोमवारी सुटशील. सुटलास की आधी खानावळीत जा, वाडीवर नको. नंदा यायला नाय म्हणेल. भांडू नको, तिचं बोचकं उचल नि चालायला लाग, ती मागून येईल. आठवा सरत आलाय तिचा. माझ्या झोपडीवर नवा पेंढा घातलाय, साईराजला वर चढवून. पक्कं छप्पर नाय, पण भट्टी नाय. सुईण मी हाय, नि हात थरथरले तर रोह्याचं हॉस्पिटल हाय. वाल हायेत घरात.

खांबच्या नाक्यावर एसटीतून उतरशील तेव्हा तुला लोक काय तरी म्हणतील. मुलं मागून ओरडतील. हैबतराव तुला माफ करेल, चारचौघांत, नि ते सगळ्यात वाईट असेल. मान खाली घाल नि वर ये. हैबतरावाला जे ऐकायचं होतं ते मी त्याला ऐकवलं, त्या बदल्यात तू बाहेर येतोयस. तू आत होतास म्हणून तुला विचारायला कोण नव्हतं, नि असतं तरी मी विचारलं नसतं. तुला वाटलं तर माझ्याशी बोलू नको. पोर मात्र माझ्या घरात होऊ दे.

आता बदकांचं.

नंदाला मी सांगितलं सगळी नासली. एक सोडून सगळी नासली, म्हणजे फार खोटं नाय. हैबतराव बाहेर बाजेवर बसला होता नि मी तंबाखू घ्यायला आत गेले होते. चुलीमागून खरखर ऐकू आली. माझा तो कान हवं तेवढंच ऐकतो, त्या दिवशी त्याला तेवढंच हवं होतं. मडक्यात हात घातला तर वाळूतून डोकं वर आलं होतं. अंगठ्याएवढं. डोळे उघडे. माझ्या बोटाला त्यानं असा रेटा दिला की मी हात मागं घेतला.

बाहेर जाऊन दाखवता आलं असतं. बघा, हैबतराव, म्हणता आलं असतं. मग त्यानं सातबारा खिशात घातला असता, फॉरेस्टला फोन केला असता, नि नंदा पोट घेऊन पायऱ्या चढली असती. पिल्लाला पण लाख लागली असती, डब्यात. मी वरून फडकं टाकलं नि बाहेर जाऊन बोलले. बोलत होते तेव्हा ते आत खरखर करत होतं. हैबतरावाला ऐकू आलं नाय. त्याचे दोन्ही कान चांगले हायेत.

दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी तांब्यातून रोह्याला नेलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, काय हाय मावशे. म्हटलं, ताक. नदीच्या पुलाखाली, भरती जिथवर चढते तिथवर चिखलातून गेले, ओहोटी लागेपर्यंत बसले नि सोडलं. समुद्र तिथून लांब हाय. पाण्याला वास येत होता, एक मेलेला मासा माझ्या पायाला लागून गेला. बगळे होते. जगेल असं मला वाटत नाय, नि जगेल असं तुला सांगणार नाय. पण पाण्यात पडलं तसं ते खालच्या अंगाला वळलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

नंदाला हे बाळंत होईपर्यंत सांगू नको. नंतर सांग, नि मला शिव्या घालू दे.

तू नंदाला विचारलं होतंस म्हणे, ती कोयता लावताना हलली असेल का. नाय हलली. मी तिथं नव्हते. पण आई जिती असताना पोटातून काढलेलं नि मेल्यावर काढलेलं, यातला फरक माझ्या सासूला ठावा होता, नि माझी सासू, भाकऱ्यांचं सोडलं तर, खोटारडी नव्हती.

वाचून झालं की हे फाड. पाठ झालं की फाड.

भागी